भीती मोजायला आलेल्या कुमुदताई

कुमुदताई गेल्याचं मला शाळेत कळलं. त्यांच्या पुतण्याचं कार्ड घरी आलं होतं, आणि ते वाचून आमचे हे लोणावळ्याहून कुरवंड्यापर्यंत चालत आले. दुपारची सुट्टी नुकतीच झाली होती. व्हरांड्यात उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कशानं?" कधी गेल्या, जवळ कोण होतं, हे सगळं नंतर सुचलं. डोळ्यांत पाणी तर त्याहून नंतर आलं. हे म्हणाले, "हृदय बंद पडलं, असं लिहिलंय." ते ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पाच आठवडे झाले या गोष्टीला, पण त्या क्षणाची लाज काही माझी पाठ सोडत नाही. हे लिहायला बसले आहे तेही बहुधा त्या लाजेपायीच.

कुमुदताई पुण्याला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या थंडीत, खाद्यतेलाच्या डब्याएवढी जड पिशवी खांद्याला लावून त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. उंच, किरकोळ अंगाच्या, आणि बोलता बोलता मध्येच थांबून श्वास घ्यायची सवय. मला वाटलं, स्टेशनपासूनच्या चढानं दम लागला असेल. शिक्षणखात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांची चिठ्ठी त्यांच्याकडे होती. कुरवंड्याच्या बाजूच्या गावांत आणि वाड्यांवर हिंडायचं आहे, लोकांच्या ओळखीची एखादी बाई सोबत हवी, असं त्या चिठ्ठीत होतं. मी तिथल्या शाळेत शिकवत होते, रोज पायी जात-येत होते, म्हणून माझं नाव पुढं आलं. राहायला त्यांना आमची मागची खोली दिली.

काम काय, असं यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भीती मोजायचीय." हे रेल्वेत, मोजायच्या गोष्टी म्हणजे त्यांना मालगाडीच्या वाघिणी आणि कोळसा ठाऊक. ते नुसतेच हसले. मग कुमुदताईंनी समजावून सांगितलं. परदेशातल्या एका विद्यापीठानं एक प्रश्नावली तयार केली होती. तेच प्रश्न निरनिराळ्या देशांतल्या माणसांना विचारायचे. कुठला साथीचा रोग कुणाला किती भयंकर वाटतो, रोग्याला किती अंतरावर ठेवावंसं वाटतं, त्याच्या हातचं खाल का, त्याच्या घरात मुलगी द्याल का... उत्तरं एकमेकांशेजारी ठेवली की कळेल, भीती सगळीकडे सारखीच असते की जिथली तिथली वेगळी. आपल्या भागाचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्या हे सांगत होत्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते, पण बोटं सारखी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. ती बोटं मी पुढं कितीदा तरी पाहिली. काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची नाही, बोटांत दिसायची.

पहिले आठ दिवस फुकट गेले. प्रश्नावलीचं मराठी पुण्यात बसून कुणीतरी केलं होतं. "अमुक रोगाविषयी आपणांस कितपत भय वाटते? अत्यंत, पुष्कळ, मध्यम, अल्प की मुळीच नाही?" कुरवंड्यातले एक आबा डोकं खाजवत म्हणाले, "तुमी म्हनाल तसं लिवा, बाई. आमची काय ना न्हाई." बायका तर प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणायच्या. कागद भरत होते आणि कुमुदताईंचं जेवण कमी होत होतं. एका रविवारी मी अंगणात चिंच फोडत बसले होते. त्या शेजारी येऊन बसल्या, चिंचोके हातात खुळखुळवत राहिल्या, आणि एकाएकी म्हणाल्या, "सुशीलाबाई, हे मला द्याल?"

दुसऱ्या दिवसापासून कागद पिशवीतच राहिला. पळसाची पाच पानं ओळीनं मांडायची. हे हिवतापाचं, हे पटकीचं, हे क्षयाचं, हे महारोगाचं, हे देवीचं. माणसाच्या हातात दहा चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, ज्याचं जितकं भ्या वाटतं तितके त्या पानावर टाका. आणि सुरुवातीलाच सांगायचं, की तुम्ही जे दाखवाल, जे बोलाल, ते आम्ही तुमच्या नावानं कुणालाही सांगणार नाही. हे वाक्य त्या सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या. बोलायला न धजणारी माणसं चिंचोके हातात आले की मोकळी व्हायची. पटकीच्या पानावर बहुतेकांची मूठ रिकामी व्हायची. देहूरोडच्या डेपोत कामाला जाणाऱ्या एकानं मात्र दहाच्या दहा चिंचोके पानांच्या बाहेर, जमिनीवर ठेवले. "रोगाला न्हाई भीत मी," तो म्हणाला, "डाक्टरच्या कागदाला भितो. त्येच्यावर काय लिवलं की काम गेलं." कुमुदताईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. लोणावळ्यातल्या एका बंगल्यातल्या बाईंनी क्षयाचं पान हातानं अलगद बाजूला सारलं, जणू ते तिथं नव्हतंच. बाहेर पडल्यावर माळ्यानं हळूच सांगितलं, की बाईंच्या धाकट्या जाऊबाई दोन वर्षं मागच्या खोलीत आहेत आणि त्यांचं ताट दाराबाहेर ठेवतात. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत कुमुदताईंची बोटं पदराच्या टोकाशीच होती.

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, नागफणीच्या कड्याच्या वाटेवर, ठाकरांची एक वाडी होती. तिथं भागूबाई नावाची एक म्हातारी होती. वाडीत तिचा शब्द चाले. तिनं चार पानांवर चिंचोके टाकले आणि देवीचं पान रिकामं सोडलं. कुमुदताईंना वाटलं, विसरली. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "मावशी, हिचं?"

"तिचं भ्या मोजायचं नसतं," भागूबाई म्हणाली. "पावनी हाय ती. आली तर पाय धुवायचं, गप ऱ्हायाचं. तिच्याम्होरं दानं टाकून काय म्हनू, तू माज्या घरी येऊ नगंस?"

वाडीतल्या पुढच्या सगळ्या घरांत देवीचं पान तसंच रिकामं राहिलं. कुमुदताईंनी शून्य लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "हे शून्य नव्हे." पुण्याच्या कार्यालयातून उलट टपाली पत्र आलं, की अशी नोंद करायला तक्त्यात जागा नाही, शून्य लिहा किंवा ते घर गाळा. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे तिकडं लोक वाचतील, की मावळातली माणसं देवीला भीतच नाहीत, टोचून घेत नाहीत ती अडाणीपणामुळं. आणि घर गाळलं तर भागूबाई जगात नाहीच." किती तरी दिवस त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. जेवताना, वाटेनं चालताना, मध्येच म्हणायच्या, "काय लिहू मी तिथं?" मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं. एका रकान्यासाठी इतका जीव काय जाळायचा...

फाल्गुनात त्या पुन्हा आल्या. वाडीवर राहिलेल्या दोन-तीन घरांचं काम होतं. आम्ही दोघी सकाळीच निघालो. भागूबाईच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात देवी आल्याची खूण, खोवलेला लांबूनच दिसला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. आत कुणीतरी हळू कण्हत होतं. भागूबाई दारात आली आणि हात आडवा धरून म्हणाली, "तितंच थांबा. वहाना काडा." तिची सहा-सात वर्षांची नात, चिमी, तापली होती आणि चार दिवसांपासून अंगभर फोड होते. भागूबाईनं ते लपवलं नाही. उलट सरळ कुमुदताईंकडे बघून म्हणाली, "तू म्हनलीवतीस, कुनाला सांगायची न्हाईस."

तिनं असं का म्हटलं तेही आम्हांला ठाऊक होतं. आधीच्या एका साथीत कुठून तरी पथक आलं होतं, पोलीस बरोबर घेऊन. दारं ढकलून माणसांना टोचलं आणि भागूबाईच्या बहिणीला गाडीत घालून नेलं. ती परत आली नाही. तिचं मढंसुद्धा घरच्यांना पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून वाडीनं ठरवलं होतं, घरात देवीआई आली तर बाहेर बोलायचं नाही.

उतरताना मी कुमुदताईंना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात कळवायला हवं. माझ्या शाळेत त्या वाडीची मुलं येत होती. घरी माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची. चार दिवसांनी खालच्या गावची जत्रा होती आणि सगळी वाडी तिथं उतरणार होती. मला भागूबाईचा रागही आला होता आणि खरं सांगायचं तर कुमुदताईंचाही, कारण त्या उत्तर देत नव्हत्या. ओढ्यापाशी त्या एका दगडावर बसल्या. बोटं पदराशी चालली होती. म्हणाल्या, "मी न विचारता सांगितलं, तर ही माणसं पुन्हा कुणाला काही सांगणार नाहीत. पुढच्या वेळी दाराला डहाळासुद्धा लावणार नाहीत." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?" त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत द्या मला. तिच्याकडूनच परवानगी आणते. नाही मिळाली तर मी स्वतः कळवते."

मी दिला तो एक दिवस. आज मी हे स्वच्छ लिहिते आहे, की तो एकट्या त्यांचा निर्णय नव्हता. मीही गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच वर गेल्या. शाळेत माझं चित्त नव्हतं. फळ्यावर एक गणित मी दोनदा चुकीचं लिहिलं. वाडीची तीन मुलं त्या दिवशी आली होती. त्यांच्या पाट्या तपासायला मी हातात घेतल्या नाहीत, तिथूनच बघितल्यासारखं केलं. मुलांना ते कळलं असावं, ती एकमेकांकडे बघत होती. दुपार उलटल्यावर कुमुदताई शाळेच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उन्हानं काळवंडलेला. "तयार झाली," एवढंच म्हणाल्या, आणि तशाच दवाखान्याकडे गेल्या.

त्या भागूबाईला काय बोलल्या, ते मला नंतर भागूबाईकडूनच कळलं. सकाळभर त्या ओट्यावर नुसत्या बसून होत्या. भागूबाई आत-बाहेर करत होती, त्यांच्याकडे बघत नव्हती. शेवटी कुमुदताईंनीच स्वतःची गोष्ट सांगितली. विशीत त्यांना क्षय झाला होता. दीड वर्ष आरोग्यधामात काढलं. बऱ्या होऊन घरी आल्या तर आईनं त्यांचा पेला, ताट, पाट सगळं निराळं करून ठेवलेलं होतं. ठरलेलं लग्न मोडलं. घरच्यांनी शेजारीपाजारी सांगितलं, की मुलगी मामाकडे शिकायला होती. "मला लपवलं ना मावशी, त्यानं मी बरी नाही झाले," त्या म्हणाल्या होत्या. "आणि ज्यांनी मला ओढून नेलं असतं, त्यांच्यामुळंही झाले नसते. मला एका नर्सबाईनं विचारून विचारून औषध दिलं." भागूबाई मला म्हणाली, "आपलं दुकनं तिनं माज्या ओटीत टाकलं, बाई. मंग मी काय करनार?"

भागूबाईनं अटी घातल्या. पोलीस नको. पोरीला हलवायचं नाही. टोचायला येणाऱ्यानं वहाणा खाली ओढ्यापाशी काढायच्या आणि आधी देवीची ओटी भरायची. आमच्या तालुक्यातल्या टोचणाऱ्या गृहस्थांना सगळे 'देवी डॉक्टर' म्हणायचे. कुमुदताईंनी त्यांना कसं पटवलं कोण जाणे, पण ते खण-नारळ घेऊन, अनवाणी, वर चढले. मीही गेले होते. त्यांनी भागूबाईच्या उंबऱ्यापाशी नारळ ठेवला, हात जोडले, आणि मग विचारलं, "आता टोचू का, मावशी?" भागूबाईनं सगळ्यांच्या आधी स्वतःचा दंड पुढं केला. उन्हं कलेपर्यंत वाडीतलं एकही माणूस टोचायचं राहिलं नाही. जत्रेला कुणी उतरलं नाही. भागूबाईनंच वाटेवर काठी आडवी टाकली.

चिमी वाचली. तोंडावर वण राहिले आणि डावा डोळा गेला, पण वाचली. पलीकडच्या खोपटातलं पाच महिन्यांचं तान्हं मात्र वाचलं नाही. टोचल्यानंतर काही दिवसांनी त्याच्या अंगावर फोड आले आणि आठवड्याच्या आत ते गेलं.

कुमुदताईंनी देवी डॉक्टरांना विचारलं, एक दिवस आधी टोचलं असतं तर? ते म्हणाले, "लागण बहुतेक आधीच झाली होती, बाई. पण एका दिवसाचं कुणाला सांगता येतं?" या उत्तरानं त्यांना सोडवलं नाही आणि बांधलंही नाही, मधेच लटकत ठेवलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी मला हाच प्रश्न किती वेळा विचारला असेल... पत्रात दोन ओळी कॉलेजच्या, दोन ओळी माझ्या मुलीच्या चौकशीच्या, आणि शेवटी, "सुशीलाबाई, तुम्हाला काय वाटतं, तो एक दिवस?" मी प्रत्येक वेळी लिहायची, की तो दिवस नसता तर भागूबाईनं दार उघडलं नसतं. ते खरंही होतं. पण त्या तान्ह्याची आई पाणवठ्यावर भेटली, की मला तिच्या नजरेला नजर देता यायची नाही, हे मी त्यांना कधी लिहिलं नाही.

आता माझं स्वतःचं. भागूबाईकडून क्षयाचं कळलं त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी कुमुदताईंना चहा दिला, तो कपाटातल्या कानतुटक्या कपात. आमचे रोजचे कप समोर धुतलेले होते. मी विचार केला नव्हता, हात आपोआप कपाटाकडे गेला. त्या बऱ्या होऊन वीस वर्षं झाली होती. महिना महिना माझ्या घरात राहिल्या होत्या, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन जेवल्या होत्या. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "किती चिंचोके, सुशीलाबाई?" रागावून नाही. खरंच विचारत होत्या, वहीत लिहून घ्यायचं असल्यासारखं. त्यांनी चहा प्यायला, कप स्वतः विसळला आणि खिडकीत पालथा घातला.

पुढच्या खेपेला त्या आपला पेला बरोबर घेऊन आल्या. मी किती विनवलं, पाया पडू का म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही काही वाईट केलं नाहीत. तुम्ही घाबरलात. मी आयुष्यभर तेच तर लिहून घेतेय." त्यानंतरही आमचा लोभ होता, पत्रं होती, माझ्या मुलीच्या वाढदिवसापासून परीक्षांपर्यंतच्या सगळ्या तारखा त्यांना पाठ होत्या. पण तो पेला पुण्याला ठेवून त्या कधी आल्या नाहीत.

त्यांचा अहवाल परदेशी गेला. भागूबाईची वाडी त्यांनी गाळली नाही. रकान्यात शून्य लिहिलं आणि त्यासोबत चौदा पानांचं टिपण जोडलं. ते कुणी वाचलं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. छापून आलेल्या तक्त्यात फक्त शून्य होतं. तो तक्ता मला दाखवताना त्यांनी त्या शून्यावर बोट ठेवलं.

कार्ड आल्यावर पुढच्या रविवारी मी वाडीवर गेले. भागूबाई आता फार थकली आहे, कानानं कमी ऐकते. चिमी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिनंच मोठ्यानं सांगितलं, "आज्ये, ती चिंचोकेवाली बाई गेली." भागूबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. मग म्हणाली, "एकली व्हती का शेवटाला?" मी म्हटलं, पुतण्या होता. "मंग बरं," ती म्हणाली, आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चिमीनं तो आणून दिला. उरलेला एक डोळा माझ्यावर रोखून ती उभी राहिली, मी पिते की नाही ते बघत असल्यासारखी. कदाचित तिला तसं वाटलंही नसेल, मलाच वाटलं. मी सगळा प्यायले.

घरी मागची खोली आहे. कुमुदताई तिथं उतरल्या की आधी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडायच्या, बाहेर धुकं असो की पाऊस. आरोग्यधामातली सवय, हे मला फार उशिरा कळलं. माझी कुरकुर चालायची, की अंथरूण ओलसर होतं, भिंतीला ओल धरते. त्या पुण्याला परतल्या की मी ती दारं लावून आतून खिट्टी घालायची. गेल्या महिन्यापासून यांना खोकला आहे. साधाच आहे, हवा बदलली की होतो तसा, असं डॉक्टर म्हणतात, आणि हेही तेच म्हणतात. सध्या ते मागच्या खोलीत झोपतात. रोज सकाळी मी चहा घेऊन जाते आणि आधी खिडकी उघडते. परवा यांनी विचारलं, "कुमुदताईंची आठवण येते होय गं?" मी म्हटलं, हो. मग पांघरूण नीट करायला वाकले, तेव्हा लक्षात आलं, की मी श्वास धरून ठेवला होता.